मागच्या दारानं आलेलं स्थळ

माझे मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे अकोल्याच्या स्टँडवर काचेच्या खिडकीमागे बसून, मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला जाणारी गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, हे माइकवरून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगणारे. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, आवाज राहिला. त्याचं काय करायचं हा प्रश्न मामींना पडला होता, मामांना नाही. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक मंडळ काढलं आणि समाजसेवा सुरू केली.

काळ मात्र त्यांनी अचूक निवडला. त्या वर्षांत वऱ्हाडात दोनच गोष्टींचं भरघोस पीक येत होतं: पाहणी दौरे आणि बिनलग्नाचे शेतकरी मुलगे. दौऱ्यावरचे पाहुणे मुंबई-दिल्लीहून यायचे, बांधावर उभं राहून फोटो काढून घ्यायचे, पॅकेज जाहीर करून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मुलगे कुठेच जायचे नाहीत. ते मामांच्या कॉम्प्युटरमध्ये ‘प्रतीक्षा’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असायचे. ओलिताची शेती, विहिरीला पाणी, घरी दोन बैलजोड्या असलेला बापसुद्धा मामांपुढे बसून मुलीसाठी एकच गोष्ट सांगायचा, “पोरगा चपराशी असला तरी चालन, फक्त शेतकरी नोको.” मग त्याच बैठकीत, आवाज जरा उतरवून, आपल्या शेतकरी मुलासाठी चांगली शिकलेली मुलगी आहे का, हेही विचारायचा. मामा दोन्ही मागण्या तितक्याच गांभीर्यानं नोंदवून घेत.

कॉम्प्युटर त्यांना स्टँडजवळच्या गल्लीतल्या एका भाईंनी जुळवून दिला होता. भाईंच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. भाईंनी आधी ते टीव्हीचं केलं, मग कॉम्प्युटरचं. माणूस सरळ होता आणि उपाय एकच जाणत होता. कॉम्प्युटर हळू चालतो? “फारमॅट मारून टाकू.” आवाज येत नाही? “फारमॅट मारून टाकू.” एकदा नुसता उंदरानं तार कुरतडली होती तेव्हाही त्यांनी आधी तेच सुचवलं होतं.

मी अमरावतीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सरकारी नोकरी टिकवायला किंवा मिळवायला जे प्रमाणपत्र लागतं, ते आमच्याकडे मिळायचं. त्यामुळे वर्गात एका बाजूला मिशी न फुटलेली मुलं आणि दुसऱ्या बाजूला निवृत्तीला टेकलेले तलाठी, अशी शोभा असायची. या एका कारणावरून नात्यातल्या झाडून सगळ्यांनी मला यंत्रांची डॉक्टर ठरवून टाकलं होतं. मावशीचं मिक्सर बंद पडलं तरी फोन मला.

म्हणून मामांचा फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. ते बोलले त्याचं मात्र वाटलं.

“अवं पोरी, इथं एक पोरगी आटून राहिली.”

“आटून राहिली म्हंजे?”

“उंची कमी होऊन राहिली तिची. बापानं पाच फूट चार इंच लिहून देल्ली, म्या सोता टाइप केली. खामगावच्या डॉक्टरले बायोडाटा पाठवला त पोरगी चार फूट नऊ इंच. त्याची माय म्हणे आमाले बुटकी नोको. मी दुरुस्त केली. मंगयवारी पाह्यतो त पुन्हा आटली.”

मी म्हटलं, तुमच्याकडून चुकून आकडा बदलला असेल. यावर मामा दुखावले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात परतवाड्याची गाडी दर्यापूरच्या फलाटावर लावली नाही, त्याच्याकडून आकडा चुकेल?

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. मुलगी तिवशाकडची, संत्र्याचा बगीचा असलेल्या बापाची, अमरावतीला इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षात. अशी मुलगी म्हणजे मंडळाचं भूषण. पण तिच्यासाठी आलेलं प्रत्येक चांगलं स्थळ काहीतरी होऊन परत जायचं. वाशिमच्या इंजिनिअरला पत्रिका पाठवली तर तिला मंगळ निघाला. बापाकडच्या पत्रिकेत मंगळाचा पत्ता नव्हता. अकोटच्या एका घराला गृहकृत्यदक्ष मुलगी हवी होती. त्यांना गेलेल्या बायोडाटात ‘आवडी’ या रकान्यात ‘स्वयंपाक, विणकाम’ होतं, त्या जागी ‘वाद घालणे’ आलं होतं.

“बाकीच्या पोरींचं काय?”

“बाकीच्या जशाच्या तशा हायेत. हेच एक खराब पीस निंगालं.”

शिवाय, जाता जाता त्यांनी सांगितलं, कॉम्प्युटर अलीकडे फार हुशार झाला आहे. आपणहून सीडीचा ट्रे बाहेर काढतो. फोटोची सीडी टाका म्हणून जागा दाखवतो. बाण मामांच्या आधीच ‘बंद करा’वर जाऊन बसतो. मामांना यात यंत्राची कर्तव्यनिष्ठा दिसत होती.

मी रविवारी सकाळच्या बसनं अकोल्याला गेले.

मामांचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत खिडकीशी होता. मॉनिटरवर मामींनी विणलेलं झाकण, डब्यावर दसऱ्याचं हळदीकुंकू अजून टिकून. इंटरनेट नुकतंच महिन्याच्या हिशेबानं घेतलेलं, आणि पैसे महिन्याचे दिलेत तर महिनाभर वापरायचं, या न्यायानं ते सकाळी अंघोळीनंतर सुरू व्हायचं ते निजेपर्यंत. मध्ये बंद पडायचं ते फक्त लाइट गेल्यावर. व्हायरस पकडणारा प्रोग्राम होता, पण त्याची मुदत कधीच संपली होती. तसं तो रोज सांगायचा. मामा रोज ती सूचना बंद करायचे.

“रोज इचारते, रोज नाही म्हंतो,” ते म्हणाले. मामींनी पोह्यांची प्लेट माझ्यापुढे ठेवली, आणि मी पहिला घास घेते न घेते तोच पडद्यावरचा बाण हलला. माझा हात पोह्यात होता. बाण शांतपणे फोल्डरांवरून फिरला, ‘वधू’ उघडलं, खाली जाऊन थांबला.

“पाह्य,” मामा कौतुकानं म्हणाले. “आता तिचाच बायोडाटा उघडन.”

उघडला.

क्लासमध्ये मी व्हायरसवर धडा शिकवत असे. पुस्तकात अर्धं पान होतं, परीक्षेत त्यावर एक प्रश्न यायचा, आणि त्यापलीकडे मला त्यातलं काही माहीत नव्हतं. आता कुणीतरी माझ्यासमोर, माझ्या मामांच्या घरात, न दिसता बसलेलं होतं, आणि मामा त्याला पोहे विचारायच्या बेतात होते.

मी हात पुसले, एक कोरी फाइल उघडली आणि इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, “कोण आहे?”

बाण थांबला. मग माझ्या ओळीखाली एकेक अक्षर उमटायला लागलं, कळफलकाला कुणाचाही हात नसताना.

“तुम्ही कोण? मामा इतक्या लवकर टाइप करत नाहीत.”

मामा मागून वाकून वाचत होते. “मले मामा म्हणून राहिला! वळखीचा दिसते.”

मी लिहिलं, “मी त्यांची भाची. तू इथं काय करतोस?”

उत्तराची वाट न पाहता मी मेल उघडली आणि त्या मुलीचा फोटो शोधला. मामांनी कागदी फोटो घेणं बंद केलं होतं, कारण मंडळ आता आधुनिक होतं. बाप म्हणाला होता, पोरीलाच पाठवायला सांगतो. पोरीनं पाठवला होता. फाइलीवर डोंगराचं चित्र, नाव फोटोसारखं. मी फाइलींची पूर्ण नावं दिसतील अशी सोय चालू केली, आणि त्या नावाला मागे ‘.exe’ असं एक शेपूट निघालं. फोटो नव्हताच तो. फोटोचं सोंग घेतलेला प्रोग्राम होता.

रचना साधी होती, म्हणूनच वाईट. मामांनी त्यावर दोनदा टिचकी मारली तेव्हा खरोखरच मुलीचा फोटो उघडला. निळा पंजाबी ड्रेस, मागे पडदा. मामा तो न्याहाळत असताना फोटोच्या पोटात बांधलेलं दुसरं सामान खाली उतरलं, विंडोजच्या फायलींच्या गर्दीत एखाद्या सरकारी खात्यासारखं रुक्ष नाव घेऊन बसलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला की आपणही सुरू व्हावं अशी नोंद त्यानं स्वतःच करून घेतली. मग घराला मागच्या बाजूनं एक दार पाडलं आणि मालकाला निरोप धाडला की आपण अमुक पत्त्यावर आहोत, या. त्यानंतर पलीकडच्याला मामांचा पडदा दिसत होता, मामा कोणती कळ दाबतात ते कळत होतं, फाइल उघडता येत होती, बदलता येत होती, ट्रे बाहेर काढता येत होता. मामा स्वतःच्या कॉम्प्युटरवर पाहुणे होते. फक्त वीज आणि इंटरनेटचं बिल तेवढं त्यांच्याकडे होतं.

मी परत कोऱ्या फाइलीवर गेले आणि लिहिलं, “फोटो छान आला आहे. निळा रंग शोभतो.”

सीडीचा ट्रे झटकन बाहेर आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. मग अक्षरं उमटली.

“बाबांना सांगू नका. प्लीज.”

मी क्लासचा पत्ता दिला, भेटायला ये म्हटलं, आणि इंटरनेटची वायर उपटली. मामांना काय झालं ते समजावून सांगितलं, मुलीचं नाव सोडून. तसंही त्यांनी अर्धंच ऐकलं. पूर्ण साफ करायला वेळ लागणार होता, माझ्याकडे त्या दिवशी साधनं नव्हती, आणि भाई नागपूरला लग्नाला गेलेले. मी बजावलं, “मामा, मी पुढच्या रयवारी येतो. तोवर हे वायर लावू नोका.”

“आन् स्थळं कशी येतीन? हप्ताभर इंटरनेट बंद ठेवू? पैसे भरले नं बाप्पा महिन्याचे!”

“मामा, कोनीबी आत येऊन राह्यलं घरात.”

“येऊ दे नं. चोरन काय? बायोडाटा?”

मला बसमध्ये बसवून ते घरी गेले आणि त्यांनी वायर लावली. हे मला नंतर मामींकडून कळलं.

मुलगी दोन-तीन दिवसांनी दुपारी क्लासवर आली. स्कुटीवरून उतरली तेव्हा ओढणीनं तोंड बांधलेलं, फक्त डोळे दिसत होते. अमरावतीच्या साऱ्या मुली उन्हात तशाच फिरतात, पण मला वाटलं, पोशाख विषयाला धरून आहे. आत येऊन ओढणी सोडली तर फोटोतलीच मुलगी, फक्त डोळ्यांखाली काळं. उंची चांगली पाच फूट चार.

“मॅडम, मी काही चोरलं नाही,” ती बसायच्या आत म्हणाली. “फक्त माझ्याच बायोडाटात बदल केला. दुसऱ्या कोणत्याच मुलीला हात लावला नाही.”

“आणि ट्रे?”

“तो चुकून. पहिल्यांदा.” मग थोडं थांबून, “नंतर मजा म्हणून.”

प्रोग्राम तिला कॉलेजच्या होस्टेलात फिरणाऱ्या एका सीडीतून मिळाला होता. मुलं तो एकमेकांच्या कॉम्प्युटरमध्ये सोडून खोड्या काढायची. हिनं त्याचा पहिला सामाजिक उपयोग केला. घरी शेवटचं वर्ष पुरं होऊ द्या असं तिनं तीन-चारदा सांगून पाहिलं होतं. वडील चांगले होते, रागावले नाहीत. त्यांनी फक्त ऐकलं नाही. बगीच्याची झाडं वाळत चालली होती, विहीर खाली गेली होती, आणि गावात रोज काही ना काही ऐकू येत होतं. त्यांना एकच ध्यास लागला होता, की पोरगी एकदा नोकरीवाल्याच्या घरी पडली म्हणजे आपण सुटलो.

“ते म्हणतात, नोकरीवाल्याशी लग्न कर. मी म्हणते, मीच नोकरी करते की! तर म्हणतात, ते नंतर पाहू.”

“मग तू मामांनाच का नाही सांगितलंस?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटली.

“किती दिवस चाललं हे?”

“जमत नव्हतं हो धड. अकोल्याची लाइट सकाळी जायची, आमची दुपारी. दोन्हीकडे लाइट आणि मामा जेवायला गेलेले, असं जुळून यायला फार त्रास झाला.”

भारनियमनानं वऱ्हाडात कुणाचं काही भलं केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मामांच्या कॉम्प्युटरचा तेवढा एकच पहारेकरी होता.

मी तिला विचारलं, त्या दाराला तू पासवर्ड लावला होतास का?

“कशाला? माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?”

मला तेव्हा तरी कुठे नीट माहीत होतं! पण एवढं वाचलेलं होतं, की जगात काही लोक दिवसभर बसून दुसऱ्यांची दारं ढकलून पाहतात. एकदोन घरांवर नव्हे, हजारो पत्त्यांवर, प्रोग्राम लावून, ओळीनं. हिच्या सीडीतला प्रोग्राम जगभर फिरलेला, त्याचं दार कुठे असतं हे त्या साऱ्यांना पाठ. जे उघडं सापडेल त्यात शिरायचं. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मी मामांच्या घरी फोन लावला. मामींनी उचलला. “हो, चालू हाय नं. सकायपासून गुरगुरून राहिला त्याचा पंखा. हे बाहेर गेले.”

“मामी, आधी वायर काढ!”

“कोनती? इथं त लय वायरी हायेत.”

मामी सगळ्या वायरी उपटेपर्यंत उशीर झालेला होता. मागच्या दारानं दुसरं कुणीतरी आत येऊन गेलं होतं. ते कुठल्या देशातलं होतं हे आजवर कळलेलं नाही. त्याला मुलीच्या उंचीत रस नव्हता. त्यानं मामांचा कॉम्प्युटर पोस्टमनच्या कामाला जुंपला होता, आणि मामांच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला, मंडळाच्या नावानं, इंग्रजीतून, पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात पाठवली होती. सचित्र.

मंडळाच्या यादीत मेल असलेले लोक म्हणजे समाजातले मान्यवर. प्राध्यापक, अभियंते, बँकेतले अधिकारी, नोकरदार जावई शोधणारे वधूपिते. मूर्तिजापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना इंग्रजी वाचायला चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी पत्र मुलाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. सूनबाई चहा घेऊन उभ्या होत्या. मुलगा दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला आणि थांबला. मुख्याध्यापक म्हणाले, “वाच, वाच, लाजतो कशाले? स्थळाचंच असंन.”

संध्याकाळपर्यंत मामांचा फोन खाली ठेवता येईना. दर्यापूरहून चार माणसं जीप करून आली. त्यांच्याही मुलीचं नाव मंडळात होतं. त्यांनी पुढच्या खोलीत उभं राहून मामांना, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, विचारलं की हे वधू-वर मंडळ आहे की दुसरं काही? मामा एरवी त्या आवाजाला आवाजानं उत्तर देणारे. त्या दिवशी म्हणाले, “म्या नाही पाठवलं. म्या नाही पाठवलं.” एवढंच.

मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाढी केलेली नव्हती. दारावरची मंडळाची पाटी त्यांनी स्वतः काढून पलंगाखाली सरकवली होती. मामी हळूच म्हणाल्या, “कालपासून जेवले नाहीत. नुसतं म्हणतात, तीस वर्षं माइकवर बोललो, कोणी बोट दाखवलं नाही.” मी त्यांच्यावर हसायच्या तयारीनं आले होते, म्हणजे बसमध्ये चार-पाच टोमणे तयारही केले होते. ते तसेच घेऊन परत जावे लागले.

भाईंनाही बोलावलं होतं. ते आले, कॉम्प्युटरपुढे बसले, आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाले, “फारमॅट मारून टाकू.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं निदान बरोबर होतं. पण त्यात सगळे बायोडाटा जाणार होते. ते दुसरीकडे काढून ठेवायचे, तर त्यांच्यासोबत पाहुणाही निघेल की काय, याची मला खात्री देता येत नव्हती. जुने कागद विचारावेत तर मंडळ आधुनिक झाल्याच्या आनंदात मामांनी ते सगळे रद्दीत दिलेले.

तेवढ्यात दारात ती मुलगी उभी. अमरावतीहून बसनं, एकटी.

मी तिला यायला सांगितलं नव्हतं. फोनवर फक्त काय झालं ते कळवलं होतं. मामींनी तिला वधू समजून आत घेतलं, पाणी दिलं, आणि सवयीनं पोहे भिजवायला आत गेल्या. मुलगी मामांच्या पलंगाजवळ गेली.

“मामा, ते दार मी पाडलं होतं,” ती म्हणाली. “गोळ्यांचं मी नाही केलं. पण ते माझ्याच दारातून आले.”

मामा उठून बसले. फोटोतली मुलगी त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत नजरेनं मोजलं.

“पाच चार,” ते म्हणाले. “म्या बरोबरच टाइप केलतं.”

“हो.”

“म्हंजे तू माह्या घरात बसून होती? मी बन्यानवर असतानी?”

“कॅमेरा नव्हता हो मामा. मला फक्त पडदा दिसायचा.”

या खुलाशानं त्यांना बराच धीर आलेला दिसला. मग राग आला. आवाज परतला, आणि तो पूर्ण ताकदीनं परतला. भाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मामांनी तिला झापलं. विश्वास, समाज, दर्यापूरची जीप, मुख्याध्यापकांची सून, सगळं झालं. ती ऐकत उभी राहिली. मध्ये तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. शेवटी मामा दमले.

“एवढी शिकलेली पोरगी, तोंडानं सांगता नाही आलं? मामा, मले औंदा लगन नाही करायचं, एवढं म्हटलं असतं त म्या स्थळं दाखवली असती काय?”

“दाखवली नसती. पण तुम्ही बाबांना सांगितलं असतं.”

मामांनी विचार केला. “सांगतलंच असतं,” ते म्हणाले.

एवढं प्रामाणिक उत्तर मी त्या खोलीत त्याआधी ऐकलं नव्हतं. तिथं सगळेच आपल्या मुलांची उंची वाढवून आणि वय घटवून सांगायला येत. ‘स्वतःचा व्यवसाय’ म्हणजे बेकार, ‘मनमिळाऊ’ म्हणजे नाकीडोळी बेताची, हे मामा स्वतः लिहून द्यायचे. त्यामुळे बायोडाटात फेरफार केल्याबद्दल ते तिला फार ओरडू शकले नाहीत. हरकत एवढीच होती की तिनं उलट्या दिशेनं केला.

भाईंनी फॉरमॅट मारला. त्यांचा चेहरा समाधानानं उजळला होता. नवा कॉम्प्युटर, म्हणजे जुनाच, पण रिकामा, सुरू झाला. मुलीनं सुट्टीभर येऊन जाऊन मंडळाचं दफ्तर पुन्हा उभं केलं. मामांच्या ओळखीच्या घरी फोन करायचे, माहिती विचारायची, टाइप करायची. मामा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे, “त्या मलकापूरवाल्याची उंची दोन इंच कमी लिही, मी पाह्यला त्याले.” कॉम्प्युटरला पासवर्ड लागला, व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामचे पैसे भरले गेले. फाइलींची शेपटं दिसतील अशी सोय कायमची चालू झाली, आणि ओळख नसलेल्या माणसाचा फोटो आधी फोन करून मगच उघडायचा, असा नियम तिनं घालून दिला. मामा तो इतका कडक पाळायला लागले की पुढे माझ्या मुलाच्या बारशाचे फोटोही त्यांनी फोनवर खातरजमा करून उघडले.

लोकांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मुलीचं नाव घ्यायचं नाही, हे मामांनीच ठरवलं. त्यांनी एकेकाला फोन करून सांगितलं की अमेरिकेतून व्हायरस आला होता. कुणी शंका घेतली नाही. बियाणं बाहेरचं, त्यावरची अळी बाहेरची, अळीवरचे तज्ज्ञ बाहेरचे. कॉम्प्युटरचा रोग बाहेरून आला यात वऱ्हाडात नवल कुणाला वाटणार! दर्यापूरच्या जीपवाल्यांनी तर उलट विचारपूस केली, नुकसानभरपाई मिळते का म्हणून. मुख्याध्यापकांनी मात्र त्यानंतर मंडळाचं एकही पत्र उघडलं नाही.

राहिला मुलीचा बाप. तो एका सकाळी मामांकडे आला, स्थळं का येत नाहीत विचारायला. मी तेव्हा तिथेच होते. साधा, हडकुळा माणूस, हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवायलाही संकोचणारा. मामांनी त्याच्याकडून मुलीची पत्रिका मागून घेतली, चष्मा लावला, बोटांवर काहीतरी मोजलं. त्यांना पत्रिकेतलं काही कळत नव्हतं हे मला आणि मामींना माहीत होतं.

“भाऊ,” मामा गंभीरपणे म्हणाले, “औंदा पोरीले योगच नाही. पुढच्या वर्षी मृगानंतर पाहू. जबरदस्ती केली त मोडते.”

“मोडते?”

“मोडतेच.”

बापानं पत्रिका घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाला, “तोवर शिकू द्यावं काय?”

“शिकू द्या. दुसरं करता काय!”

मामी आतून ऐकत होत्या. बाप गेल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, “आता तुमीबी खोटं लिहाले लागले.”

“लिहिलं कुठं,” मामा म्हणाले, “तोंडानं सांगतलं.”

मुलीनं शेवटचं वर्ष पार पाडलं आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. मृग आला आणि गेला, बापानं पुन्हा विचारलं, मामांनी पुन्हा योग पुढे ढकलला. नंतर तिनं आपलं आपणच जमवलं. मुलगा कोण, काय, हे मंडळाला लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं. मामांना ते जरा लागलं, पण जेवायला ते गेले आणि पंगतीत तीन नवी स्थळं नोंदवून आले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नागपूरहून येताना तिवशाला बस थांबली आणि तिचे वडील चढले. माझ्याच शेजारी जागा मिळाली. त्यांनी मला ओळखलं, मुलीचं, नातवाचं सांगितलं. बगीचा काढून टाकला होता, आता तूर आणि हरभरा. मामा कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, आता मंडळ बंद केलं, लोक मोबाइलवरच पाहतात.

“लय मोठा माणूस,” ते म्हणाले. “पत्रिका असी पाहे, असी पाहे, का इचारू नोका. त्यानं थांबवलं म्हणून माही पोरगी शिकली.”

मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, “हो. त्यांचा अभ्यासच होता तसा.”

त्यांनी पिशवीतून फुटाण्याची पुडी काढली, अर्धे माझ्या हातावर ठेवले, आणि अमरावती येईस्तोवर आम्ही दोघं ते खात बसलो.